नाईटचा आठवडा

दर तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरी कुकर लागायचा नाही. आई पातेल्यात भात टाकायची, उकळी आली की वरची पेज वाटीत काढून, मिठाचा खडा घालून आम्हा दोघा भावंडांच्या हातात द्यायची. शिट्टी नको म्हणून हे सगळं. आतल्या खोलीत अण्णा नाईट करून येऊन झोपलेले असायचे. खिडकीला आज्जीनं शिवलेली जुनी वाकळ खिळे मारून टांगलेली, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, भिंतीवरच्या घड्याळाचे टोले बंद केलेले. अजूनही कुठं पेज प्यायला मिळाली, की जिभेला मीठ लागायच्या आधी मला तो अंधार आठवतो.

आम्ही कोल्हापुरात गंगावेशीला राहायचो. अण्णा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात होते, आधी मोल्डिंगला आणि पुढं भट्टीवर. पाळ्या तीन. फर्स्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, नाईट अकरा ते सात. सकाळी सातला सुटून, पंचगंगेचा पूल ओलांडून, सुरुवातीला सायकलनं आणि नंतर लुनावरून ते पावणेआठपर्यंत दूध कट्ट्यावर पोचायचे. कट्ट्यावर म्हशी उभ्या असायच्या. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट दूध मिळायचं. तालमीतली पोरं मेहनत करून घामेजलेली तिथंच तांब्या तोंडाला लावायची. गावाचा दिवस सुरू व्हायची ती वेळ. अण्णा त्या गर्दीत उभे राहून अर्धा लिटर दूध घ्यायचे, घरी येऊन आंघोळ करायचे आणि वाकळेच्या अंधारात शिरायचे.

गल्लीला आमचा नाईटचा आठवडा पाठ होता. भाजीची पाटी घेऊन येणारी मावशी चार घरं अलीकडं "मेथी, पोकळा, तांदळी" असा गळा काढायची आणि आमच्या दारापुढून मुकाट जायची. पेठेत फुटबॉलचं वेड, पोरांचा चेंडू दिवसभर भिंतींवर आदळायचा, त्या आठवड्यात मात्र कुणीतरी हटकायचंच, "ए, घाटाकडं जावा खेळायला, अण्णा नाईटचं आल्यात." शेजारच्या काकूंचा खलबत्ता संध्याकाळपर्यंत गप्प असायचा. यातलं काहीही कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. एका माणसाच्या झोपेभोवती अख्खी गल्ली पावलं जपून टाकत होती, आणि तरीही अण्णा दुपारी साडेबारा-एकला उठून बसायचे. डोळे लाल, चेहरा ओढलेला, जेवणावर वासना नाही. आई हळूच विचारायची, "कशानं जाग आली?" तिच्या त्या प्रश्नात आम्हा सगळ्यांची झडती असायची.

मी चौथीत असताना एकदा दुपारच्या शाळेला निघायच्या गडबडीत माझ्या हातून पितळी तांब्या निसटला. फरशीवर पडून गरगरत राहिला, धरायला गेले तर आणखी वाजला. आतलं दार उघडलं. अण्णा उंबऱ्यात उभे राहिले, माझ्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता परत आत गेले. मारलं असतं तर मी विसरून गेले असते. आई दबक्या आवाजात म्हणाली, "माणूस रातभर आगीपुढं उभा ऱ्हातंय, आनि तुला एवढं बी कळत न्हाई व्हय?" त्या दिवसापासून मी घरात टाचा उचलून चालायला लागले. आजही कुणी झोपलेलं असलं की माझ्या टाचा आपसूक उचलल्या जातात.

अण्णांचा स्वभाव तापट, असं सगळे म्हणायचे. नाईटच्या आठवड्यात त्यांच्यासमोर कुणी जायचं नाही. सेकंडच्या आठवड्यात ते जरा निवळायचे. फर्स्टच्या आठवड्यात, आणि तेही शेवटच्या दोन-तीन दिवसांत, ते हसायचे, आम्हाला रंकाळ्यावर न्यायचे, भेळ घ्यायचे, पाण्यात खडे मारून किती उड्या पडतात ते मोजायचे. मग रविवार जायचा आणि परत वाकळ ठोकली जायची. लहानपणी मला वाटायचं, माझ्या वडिलांना तीन स्वभाव आहेत.

पुढं मी मानसशास्त्र घेतलं, शिवाजी विद्यापीठात एम.ए. केलं आणि आता इथल्याच एका कॉलेजात तो विषय शिकवते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी खर्डेकर ग्रंथालयात बसले असताना एका पुस्तकात एक आलेख समोर आला. झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेला. त्यात दोन रेषा होत्या. एक रेषा जागेपणाच्या ओझ्याची. माणूस उठल्यापासून हे ओझं तासातासानं वाढत जातं. मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात तसं अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतलं कॅफिन हे द्रव्य काढून टाकत नाही, ते फक्त त्याची जागा अडवून बसतं, म्हणून चहा उतरला की साठलेली झोप एकदम अंगावर येते. दुसरी रेषा शरीरातल्या घड्याळाची. तिला तुम्ही किती तास जागलात याच्याशी काही देणंघेणं नाही. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तिथून ते चढू लागतं आणि संध्याकाळपर्यंत चढत राहतं. फरक जेमतेम एक अंशाचा, पण त्या चढाबरोबर सगळं शरीर जागेपणाच्या तयारीला लागलेलं असतं.

मी त्या आलेखावर पेन्सिलीनं अण्णांचा दिवस मांडला. सकाळी साडेआठला ओझं शिगेला पोचलेलं, त्यामुळं पडल्या पडल्या दगडासारखी झोप. पुढच्या चार तासांत ओझं निम्म्याहून अधिक उतरतं. तोवर घड्याळाची रेषा चढत चढत अशा जागी येते, की ती झोप धरूनच देत नाही. ही जागा कुठं पडत होती? साडेबारा-एकला. रात्रपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप त्यांच्या रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-चार तासांनी तोकडी असते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे, आणि शांत, काळोख्या खोलीत झोपवलं तरी ती तोकडीच राहते.

मी दुपारच्या शाळेला साडेबाराला निघायची. तांब्या पडला ती वेळ तीच.

ग्रंथालयात मी किती वेळ बसून राहिले ते आठवत नाही. अण्णांना उठवणारं जे काही होतं ते त्यांच्या कपाळाच्या आत होतं, आणि आईनं इतकी वर्षं त्यासाठी घरातल्या भांड्यांवर, शेजारपाजाऱ्यांवर, आमच्या पावलांवर पहारा ठेवला होता.

हे घड्याळ म्हणजे नेमकं काय? डोळ्यांच्या दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर सुमारे २०,००० पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. कोल्हापूरच्या माणसाला तो समजावून सांगायला मला आपल्या अंबाबाईचा किरणोत्सवच आठवतो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि परत ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यापाशी पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेत एखादी इमारत उंच झाली किंवा आभाळ आलं तर किरणं अलीकडंच थांबतात आणि देवळातला सगळा जमाव श्वास सोडून देतो. आपल्या डोळ्यांतही अशी एक वाट आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही मोजक्या पेशी अशा आहेत, की त्यांचं मुख्य काम चित्र बघायचं नाहीच. उजेड आहे की नाही आणि किती आहे, एवढीच वर्दी त्या आतल्या गाभाऱ्याला देतात. अशा पेशी आहेत हे नीट कळलं २००२ च्या सुमाराला. ज्यांना काहीही दिसत नाही अशा काही अंधांचं घड्याळसुद्धा उजेडावर चालतं, ते यांच्यामुळं. सकाळी या वाटेनं उजेड आत गेला की घड्याळ रोज थोडं थोडं जुळवून घेतं.

आणि अण्णा? रात्रभर जागून ते रोज सकाळी भर उजेडातून पाऊण तास प्रवास करून घरी येत होते. आठवडाभर रात्री जागून शरीर चार पावलं त्या बाजूला सरकायला लागलं, की पंचगंगेच्या पुलावरचं ऊन त्याला परत ओढून आणायचं. कट्ट्यावर दुधासाठी उभं राहायची ती दहा मिनिटंसुद्धा त्यात धरा. खिडकीला वाकळ ठोकायची वेळ यायच्या आधीच दिवस आत शिरलेला असायचा. १९९० साली अमेरिकेत चार्ल्स झाइसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की रात्री कामाच्या जागी प्रखर उजेड आणि दिवसा पक्का अंधार असं काटेकोरपणे दिलं, तर माणसाचं घड्याळ काही दिवसांत खरोखर उलटं होतं. म्हणजे उपाय नव्हताच असं नाही. फौंड्रीतल्या त्या पिवळट दिव्यांखाली तो कुणाच्या डोक्यात येण्यासारखा नव्हता, इतकंच.

दुसरी गोष्ट मात्र मला आजही सलते. अण्णांच्या पाळ्या उलट्या फिरायच्या. नाईटनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट, फर्स्टनंतर परत नाईट. म्हणजे प्रत्येक आठवड्याला झोपायची वेळ आधीच्यापेक्षा अलीकडं. माणसाचं घड्याळ उजेडाचा कसलाही पत्ता लागू न देता चालू दिलं, तर ते २४ तासांचं नसतं, त्याहून सरासरी दहा-अकरा मिनिटांनी लांब असतं. म्हणून उशिरा झोपायला शरीर राजी असतं, लवकर झोपायला नाखूश. पाळ्या फिरवायच्याच असतील तर त्या फर्स्ट, सेकंड, नाईट अशा सुलट फिरवाव्यात, आणि दर आठवड्याला नव्हे तर जरा दमानं. अमेरिकेत युटामधल्या एका खनिज कारखान्यात नेमका हा बदल करून बघितला गेला होता. कामगारांची तब्येत आणि समाधान दोन्ही सुधारलं, वर उत्पादनही वाढलं. हा निष्कर्ष छापून आला १९८२ साली. तेव्हा अण्णांना फौंड्रीत लागून चार वर्षं झाली होती. पुढं तीस वर्षं त्यांच्या पाळ्या उलट्याच फिरत राहिल्या. कुणाचा एक पैसा जास्त गेला नसता, फक्त ऑफिसातल्या फळ्यावरचा तक्ता दुसऱ्या बाजूनं लिहायचा होता.

अण्णांना तीन स्वभाव नव्हते. एकच होता, रंकाळ्यात खडे मारणारा. बाकीच्या दोन आठवड्यांत आम्हाला जो माणूस दिसायचा, तो कधीच न पोचलेल्या प्रवाशासारखा होता. शरीर एका गावात, घड्याळ दुसऱ्या.

पोटाचंही तेच. शरीरातल्या बहुतेक पेशींना आपापलं घड्याळ असतं. माशीच्या पेशींमधली ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. रात्री दोनला भाकरी-झुणक्याचा डबा उघडला, की पचवायचं काम ज्यांचं, ते मिटलेले असतात. अण्णांच्या खिशात कायम आम्लपित्ताची गोळी असायची. आज्जी म्हणायची, "भुतं जेवत्यात त्या वक्ताला जेवल्यावर काय हुनार?"

पहाटे चारबद्दल अण्णा एकदा बोलले होते. एरवी कामाबद्दल ते बोलत नसत. रात्री वीज स्वस्त पडते म्हणून भट्टी रात्रीच लावायची, आणि ओतकाम नेमकं पहाटेवर यायचं. तेराशे-चौदाशे अंशाचं वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या पळीत. "चार वाजता मानूस उभा असतोय, पन नसतोय," ते म्हणाले होते. "डोळं उघडं, हात चालू. मधलं दोन सेकंद कुठं गेलं ते कळतच न्हाई. कोन हाक मारली की वाटतंय, आपल्यालाच मारली का सपनात?"

झोप म्हणजे दिवा मालवणं नव्हे, हे विज्ञानाला उशिरा कळलं. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांच्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलताना टिपली आणि झोपेत मेंदू किती जागा असतो ते दिसलं. उलट बाजू कळायला आणखी अर्धं शतक गेलं. २०११ साली जागरण घडवलेल्या उंदरांच्या मेंदूत असं दिसलं, की उंदीर जागा आहे, डोळे उघडे आहेत, तरी मेंदूतल्या काही पेशी क्षणभर झोपेतल्यासारख्या गप्प होतात. भट्टीपुढच्या पहाटेबद्दल अण्णांनी मला जे सांगितलं होतं, ते हेच असावं असं मला वाटतं. आपण जाग आणि झोप यांच्यामध्ये भिंत धरून चालतो. तिथं भिंत नाही, चिखल आहे.

आपल्या जुन्या लोकांनी या अवस्थांचा विचार फार आधी केला होता. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यांपलीकडची चौथी अशी मांडणी आहे, ती वर्गात सांगताना पोरं कान टवकारतात. मला स्वतःला त्याहून बृहदारण्यकातला मासा जवळचा. मोठा मासा जसा नदीच्या या काठावरून त्या काठावर फिरतो, तसा पुरुष स्वप्न आणि जाग या दोन काठांमधून फिरतो, असं याज्ञवल्क्य जनकाला सांगतात. मासा आपल्या मर्जीनं फिरतो. अण्णांना रोज पहाटे कुणीतरी प्रवाहात मध्येच धरून ठेवत होतं, हातात लॅडल देऊन.

आणि सकाळी झोप लागली की लगेच स्वप्नं. स्वप्नांची ती झोपही घड्याळाला बांधलेली असते, पहाटे आणि सकाळी तिचा जोर सगळ्यात जास्त. पहिल्या तासातच अण्णा झोपेत बोलायला लागायचे: "सर, सर, बाजूला सर." मी आणि भाऊ दाराबाहेर बसून ऐकायचो. ते दिवसाही भट्टीवरच असायचे.

घरातली दुसरी टोकं म्हणजे आज्जी आणि मी. आज्जी साडेआठला पडायची, दोन-अडीचला उठून अंथरुणात बसायची, माळ ओढायची आणि देवळाची पहाटेची घंटा झाली की काकड आरतीला निघायची. मी सोळाव्या वर्षी रात्री बाराच्या आत झोपू शकत नव्हते आणि सकाळी मला हलवून उठवावं लागायचं. आज्जी शहाणी, मी आळशी, असा घराचा निवाडा होता. आज मी हे जाणते, की वाढत्या वयात घड्याळ उशिराकडं सरकत जातं, विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरा चालतं, आणि तिथून उतारवयाकडं परत अलीकडं येतं. आज्जीचं पुण्य आणि माझं पाप, दोन्ही वयाचं होतं.

हे जाणूनही मी सकाळी सातच्या तासाला उभी राहते. अकरावी-बारावीची मुलं समोर, कुणी कागल, कुणी करवीरच्या खेड्यातून पहिली एसटी धरून आलेली. भारताचं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावर, कोल्हापूर आहे ७४ च्या थोडं पुढं. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या तेहेतीस मिनिटं मागं. जानेवारीत तर तो उगवतोच सात वाजून गेल्यावर. त्या मुलांच्या शरीरात तेव्हा मध्यरात्रीनंतरचा प्रहर चालू असतो, आणि मी त्यांना अवधानाचं प्रकरण शिकवत असते. २०२४ साली राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, चांगलंच झालं. ज्यांचं घड्याळ खरोखर सगळ्यात मागं असतं ती सोळा-सतरा वर्षांची पोरं मात्र त्यात नाहीत. मी आता पहिल्या बाकावर पेंगणाऱ्याला उभं करत नाही. खिडक्या उघडते.

शिरोळ तालुक्यातला माझा मामा ऊसकरी. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या बारीला तो बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जातो, चिखलात, सापाकिरड्यांत. त्याच्या बांधावर खोलीही नाही आणि वाकळही नाही. साखरेच्या गोडीत ही जागरणं किती विरघळलीत, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मला फार आवडलेला एक प्रयोग मदुराईचा आहे. तिथल्या कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या घड्याळांवर वर्षानुवर्षं काम केलं. एका गुहेत, जिथं उजेडाचा कणही पोचत नाही, तिथं त्यांनी काही वटवाघळं पिंजऱ्यात ठेवली. गुहेतली बाकीची वटवाघळं मोकळी होती, संध्याकाळी बाहेर उडून जात होती, पहाटे परत येत होती. पिंजऱ्यातल्यांना ना सूर्य दिसत होता ना संध्याकाळ. पण आपल्या जातभाईंच्या येण्याजाण्यावर त्यांनी आपलं घड्याळ जुळवून ठेवलं. मोकळी वटवाघळं नसती तेव्हा मात्र प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या चालीनं सरकत जायचं. हे वाचलं तेव्हा मला आमची गल्ली आठवली. आवाज खाली घेणारी मावशी आणि घाटाकडं जाणारी पोरं. त्यांनी अण्णांची झोप लांबवली नाही, ते त्यांच्या हातात नव्हतंच. तुमची वेळ वेगळी आहे आणि ती आम्हाला माहीत आहे, एवढं मात्र त्यांनी चौतीस वर्षं त्यांना कळवत ठेवलं.

२०१२ साली अण्णा निवृत्त झाले. त्यानंतरही कितीतरी दिवस ते रात्री अकराला उठून चप्पल घालायचे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली आणि पाणी आमच्या बाजूला चढायला लागलं, तेव्हा आम्ही आई-अण्णांना घेऊन राजारामपुरीत भावाकडं गेलो. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, वीज गेलेली, फोन बंद पडत चाललेले. मेणबत्ती पुरवायची म्हणून सगळे आठ-साडेआठलाच आडवे व्हायचे. आणि रात्री दोनच्या सुमाराला, एकेक करत, सगळे जागे व्हायचे. अशी दोन तुकड्यांतली झोप दिव्यांच्या आधीच्या युरोपात सर्रास होती, असं इतिहासकारांनी जुन्या कागदांतून दाखवलं आहे. १९९० च्या दशकात थॉमस वेअर यांनी माणसांना महिनाभर रोज चौदा तास अंधारात ठेवलं तेव्हा त्यांचीही झोप मधोमध दुभंगली होती. आमच्या जागेपणात पुराची धास्ती होती हे खरंच. तरी अंधारात पाऊस ऐकत पडून राहायच्या त्या तासाभरात आमच्या घरात कधी झालं नव्हतं इतकं बोलणं झालं.

तिसऱ्या रात्री मी अण्णांना तांब्याचं सांगितलं. आलेख, घड्याळ, पुलावरचं ऊन, सगळं. "तांब्या माझ्या हातनं पडला हुता, पन तुम्ही तसंबी उठनारच हुता," असं मी त्यांना म्हणाले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मनात धरलेलं वाक्य.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उठनार कशाचं? मी जागाच असायचो. बारा वाजल्यापास्नं. नुसता डोळं मिटून पडायचो."

"मग बाहेर का न्हाई यायचा?"

"तुझ्या आईनं एवढं सगळं केल्यालं असायचं. वाकळ, चिंध्या, तुमास्नी गप्प बसवनं. लगीच उठून आलो असतो तर तिला काय वाटलं असतं?"

पलीकडच्या अंथरुणावरून आईचा आवाज आला. ती झोपली आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

"ठाऊक हुतं मला," ती म्हणाली. "कूस बदललेली ऐकू यायची की."